कोरं पाणी

टाकीत पाणी भरून किती दिवस झाले, असं दुकानदारानं विचारलं आणि मी आठ म्हणून सांगितलं. टाकी तेव्हा बाहेर ऑटोच्या मागच्या सीटवर होती, दुसऱ्या दुकानातून घेतलेली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अजून पाण्याचा थेंबही न लागलेली. खोटं बोलायचं असं ठरवून मी गेलो नव्हतो. आज भरणार आहे असं म्हटलं असतं तर त्यानं मला फासावर थोडंच चढवलं असतं. पण आठ हा आकडा आपसूक तोंडातून पडला आणि लच्छूभाऊ माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत त्याचं दुकान, बोलणं तेलुगू वळणाचं, हातात चहाच्या गाळणीएवढी जाळी. बरं, म्हणाला, आणि चार सोनेरी, दोन काळे असे सहा मासे त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरून हवा भरून, रबर बांधून माझ्या हातात दिले. घरी येईपर्यंत मी त्या प्रश्नावर चिडत राहिलो. हा मला विचारतो. आम्ही ढिवर, जातीचे मासेमार. माझा बाप, आजा, त्याचा बाप, सगळे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हातारे झाले, आणि मला मासे ठेवता येतात की नाही हे काचेच्या पेट्या विकणारा माणूस तपासणार. आणि गंमत अशी, की आम्ही ढिवर हे त्याला सांगायचं मात्र मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलं नसतं. वीस वर्षं मी चंद्रपुरात आहे आणि हे आपण होऊन कोणालाच सांगितलेलं नाही.

तो गुरुवार होता. रविवारी बाबा येणार होते, आणि यावेळी कायमचे राहायला. बाबा म्हणजे माझे वडील इस्तारी, वय सत्तरीच्या पुढे. मार्कंड्याच्या अलीकडे, नदीपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून घर. आई, चंदाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते एकटेच. यंदा दसऱ्याच्या सुमारास जाळं ओढताना गुडघ्यानं दगा दिला आणि ते काठच्या चिखलात बसून राहिले. डोमा म्हणून शेजारी आहे, त्यानं दुपारी पाहिलं म्हणून निभावलं. त्यानंतर मी त्यांना गावच्या एसटीडी बूथवर तीनदा बोलावून घेतलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "येऊन पायतो." मी त्यातलं येऊन तेवढं घेतलं आणि पायतो सोडून दिलं. बाबा तयार झाले, असं घरी सांगून टाकलं. आमचं सरकारी क्वार्टर, दोन खोल्या आणि एक बंद केलेली गॅलरी. ती गॅलरी मी स्वतः चुना मारून पांढरी केली, फरशी फिनाइलनं तीनदा पुसली, नवी गादी आणली, नीलिमानं, माझ्या बायकोनं, कपाटातला एक खण त्यांच्या कपड्यांसाठी रिकामा केला. बाबा राहिले पाहिजेत, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. याआधी ते दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी सकाळी उठून, काही न सांगता, एसटी स्टँडवर जाऊन बसले होते. आता तसं झालं तर पुन्हा कधी तरी चिखलात बसायची पाळी येईल, आणि तेव्हा डोमा तिकडून जात असेलच असं नाही. म्हणून मासे. बसल्या जागी बघायला मासे असले म्हणजे म्हाताऱ्याचं मन रमेल. हे मी नीलिमाला सांगितलं, नऊ वर्षांच्या डिंपलला, माझ्या मुलीला सांगितलं, स्वतःलाही सांगत होतो. ते खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं वासाचं होतं. सहावीत मला चामोर्शीच्या शाळेत घातलं तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या मुलानं पहिल्याच दिवशी आपलं दप्तर उचललं आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. भांडला नाही, काही बोलला नाही, नाकही दाबलं नाही. गुरुजींनी थोड्या वेळानं खिडकी उघडली. ती त्यांनी उकडत होतं म्हणूनही उघडली असेल, पण तेव्हापासून मी हात धुतोय. आधी राखेनं, मग चिंचेनं, मग वसतिगृहात मिळणाऱ्या लाल साबणानं, आणि आता जेवणाआधी, जेवणानंतर, ऑफिसातून आल्यावर, फाईल हाताळल्यावर, काही केलं नसलं तरी. एकदा आई वसतिगृहाच्या फाटकाशी आली होती. पळसाच्या पानात बांधून सुके मासे आणले होते, मला आवडतात म्हणून. मी ते घेतले, ती वळली तसे मागच्या नालीत टाकून दिले. तिनं मागे वळून पाहिलं की नाही हे मला अजून माहीत नाही, आणि आता विचारायला ती नाही. नीलिमा पोंभुर्ण्याची, आमच्यातलीच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं एकदा सुकट भाजली तेव्हा मी आधी साऱ्या खिडक्या लावल्या, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून, आणि मग साऱ्या उघडल्या, वास जावा म्हणून. ती हसली. पुन्हा मात्र तिनं सुकट आणली नाही. ऑफिसात मी नकाशे काढतो, जुन्या तलावांचे, पाळ कुठे फुटली, सांडवा कुठे, निळ्या शाईनं पाण्याची हद्द. कागदावरचं पाणी कोरडं असतं आणि मला त्यातलं सारं कळतं. तर काचेतले हे मासे मला फार आवडले होते, हे कबूल करायला हवं. समोरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवता येतील असे मासे, ज्यांना वास येत नाही. आणि फोनवर त्याच तिसऱ्या वेळी मी बाबांना म्हणालो होतो की जाळं आणू नका, गॅलरी लहान आहे.  ते बरं म्हणाले.

टाकी खिडकीखाली मांडली, रंगीत खडे धुऊन घातले, नळाला पाणी आलं तसं बादल्यांनी भरली. पाण्याला ब्लिचिंगचा वास होता. तो वास मला नेहमीच बरा वाटतो, आता इथे काही वाईट उरलेलं नाही असा धीर देणारा. नीलिमा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. टाकीबरोबर आलेला कागद तिनं वाचला होता, त्यात पाणी भरल्यावर आठवडाभर थांबून मग मासे सोडायला सांगितलं होतं. आजच्या आज सोडायचे का, असं तिनं विचारलं, आणि मला कागदावरून शिकवू नकोस, असं मी म्हणालो. डिंपल टाळ्या वाजवत होती. मी रबर काढलं आणि पिशवी उलटी केली. मासे पाण्यात पडले, क्षणभर जिथे पडले तिथेच थांबले आणि मग एकदम सगळे कोपऱ्यात जाऊन बसले. मला वाटलं, नवीन जागा आहे, लाजत असतील.

शुक्रवारी सकाळी एक सोनेरी मासा आडवा तरंगत होता. मेलेला मासा हे काही मला नवं नव्हतं. आमच्या घरी मासा मेलेलाच यायचा, त्याचं कोणी काही वाटून घेत नसे, मोठे वेगळे, छोटे वेगळे करायचे आणि टोपलीत ओला पाला टाकायचा. पण हा मासा चमच्यानं उचलताना मी तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवतोय याचा मला राग आला. डिंपल उठायच्या आत मी तो मागच्या बाजूला पुरला. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की टाकी घाण झाली असणार. दुसरं काही मला येतच नाही. उरलेले पाच बादलीत काढले, टाकी मोरीत नेली, कपड्याच्या पावडरनं आतून बाहेरून घासली, खडे चाळणीत घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतले, पुन्हा नळाचं ताजं पाणी भरलं. काच अशी लखलखत होती की माझं तोंड त्यात दिसलं. शनिवारी सकाळी आणखी दोन सोनेरी गेले आणि मी पुन्हा तेच केलं, पावडर जास्त घालून, खडे उकळत्या पाण्यातून काढून. एकीकडे कळत होतं की हे कुठे तरी चुकतंय. दुसरीकडे हात थांबत नव्हते. नीलिमा मोरीच्या दारात उभी होती. घरात आपण पुस्तकी मराठी बोलायचं असा माझा नियम आहे, डिंपलच्या शाळेसाठी, आणि नीलिमा तो पाळते, राग आला नाही तोवर.

"तुमी त्या पान्याले राहूच नाई देऊन राह्यले," ती म्हणाली. "राहू द्याल तर मासोरी राहीन न."

मी नळ मोठा केला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. पण ऐकू यायचं ते आलं होतं. ऑफिसात शनिवारी अर्धा दिवस नकाशावर वाकून बसलो आणि एकाच पाळीवरून दोनदा शाई फिरवली. डोळ्यांसमोर बाबा यायचे. उद्या ते दारात उभे राहतील, रिकाम्या टाकीकडे बघतील. सहा मासे तीन दिवस जगवता न आलेला ढिवर. मग तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जाऊन बसतील, आणि मी कोणत्या तोंडानं परत आणू. तीन मासे तरी रविवारपर्यंत टिकायला हवेत, असा काही तरी नवस मी मनात बोललो, कोणत्या देवाला ते ठरवलं नाही. संध्याकाळी लच्छूभाऊकडे गेलो तेव्हा अजून दोन-चार मासे घ्यावेत असाच विचार होता. त्यानं मी काय काय केलं ते सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, पावडर वगळून. मग पावडरही सांगितली. तो हसला नाही, त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं झालं. हात पुसून तो म्हणाला, "आठ दिवस झालेच नव्हते तुमच्या टाकीले, साहेब. मले त्याच दिवशी समजलं होतं. तरी दिले मी, ते माझंही चुकलं." नवे मासे द्यायला त्यानं सरळ नकार दिला. महिनाभर नाही म्हणाला. जे आहेत ते जगले तर जगले, पाण्याला हात लावू नका, घासू तर अजिबात नका. घरी येताना मला त्या माणसाचा राग येत होता आणि त्याच्यासारखं बोलता यावं असंही वाटत होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर मी हात धुतले आणि टाकीकडे न बघता झोपलो.

रविवारी सकाळी टाकीत एकच मासा उरला होता, एक काळा, तळाशी, खड्यांवर पोट टेकून कल्ले हलवत असलेला. त्याच्याकडे बघत बसायला वेळ नव्हता. दहाच्या सुमारास मूल गावाकडून येणारी एसटी लागली आणि बाबा सगळ्यांच्या शेवटी, दांडा धरून, एकेक पायरी उतरले. खांद्याला एक कापडी पिशवी, एवढंच. कायमचं राहायला आलेल्या माणसाचं सामान एवढंच कसं, असं मनात आलं, पण मी वाकलो आणि पाया पडलो, आणि वर येताना त्यांच्या अंगाला नाक लागलं. बाबांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. नुसता साबण नाही, कपड्याच्या पावडरचा. धोतर, सदरा, पिशवीसुद्धा. हातांची बोटं घासून घासून पांढरी पडली होती आणि नखांच्या कडेला कातडी सोलली होती. चाळीस वर्षांत मी माझ्या बापाला असा वास येताना पाहिलं नव्हतं. लहानपणी अंधारात कोण आलं ते मी वासावरून ओळखायचो. बाप आला की आधी शेवाळ यायचं, चिखल यायचा, मग बाप. आता मी डोळे मिटले असते तर समोर कोण उभं आहे ते मला सांगता आलं नसतं. मी फोनवर फक्त जाळ्याचं बोललो होतो. बाकीचं त्यांचं त्यांना समजलं होतं, बहुधा फार आधीपासून. ऑटोत मी त्यांच्या शेजारी बसलो. रडू आलं होतं, ते खोकून घालवलं.

घरी आल्यावर नीलिमानं पाणी दिलं, डिंपल त्यांच्या मांडीला चिकटली आणि आजोबा, पाच मासे मेले, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. बरंच झालं, मला सांगावं लागलं नाही. बाबा उठून टाकीपाशी गेले. वाकून बघितलं नाही, काचेवर टिचकी मारली नाही, तीन दिवस आम्ही सगळे जे करत होतो त्यातलं काहीच केलं नाही. एक बोट पाण्यात बुडवलं, वास घेतला, जिभेला लावलं. मग माझ्याकडे वळले.

"किती दिस झाले पानी भरून?"

तोच प्रश्न होता. आठ म्हणायला तोंड उघडतंय की काय, अशी मला क्षणभर भीती वाटली.

"कालच भरलं," मी म्हणालो. "तीन दिवसांत दोनदा बदललं. पावडरनं घासून."

"कोरं हाये," बाबा म्हणाले. "कोऱ्या पान्यात मासोरी नाई रायत, लटारू. पानी आधी जुनं होऊ द्या लागते."

लटारू हे माझं नाव. माझ्याआधीची दोन लेकरं गेली, म्हणून मुद्दाम असं नाव ठेवलं, कोणाच्या नजरेत भरू नये असं. ऑफिसात मी आडनावानं ओळखला जातो. बाबा खाली बसून डिंपलला सांगू लागले, मला नव्हे, आणि त्यामुळे मला ऐकता आलं. नवी बोडी, म्हणजे शेतातला लहान तलाव, पाण्यानं भरली की आम्ही माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, लगेच टाकत नाही. आधी शेण कालवतो. पंधरा दिवस थांबतो. पाणी जरा हिरवं झालं, त्यात हात कोपरापर्यंत घातला आणि तळवा दिसेनासा झाला, की मग बीज. डिंपलनं नाक मुरडलं, शेण म्हणताच. ते हसले. ते सांगत होते आणि मला एकदम सारं आठवलं, इतकं स्पष्ट की आजवर ते कुठे होतं कोण जाणे. मी सात-आठ वर्षांचा, छातीएवढ्या पाण्यात बापाशेजारी उभा, मासोळीचं बीज भरलेल्या हवेच्या पिशव्या आमच्याभोवती तरंगतायत, आणि मला थंडी वाजतेय. मी म्हणतोय, बा, सोड न आता. बा म्हणतोय, थांब. किती तरी वेळानं तो एका पिशवीचं तोंड सोडतो आणि तलावातलं एक ओंजळ पाणी तिच्यात घालतो. फक्त एक. पुन्हा थांबतो. मग दुसरी ओंजळ. मी रडकुंडीला येऊन विचारतो, असं काऊन, आणि तो म्हणतो, आधी मासोरीले इथलं पानी चाखू दे, मंग ते आपल्या मनानं बाहीर येते. आणि खरंच, शेवटी पिशवी आडवी केली की ते जिऱ्याएवढे मासे आपणहून, एकेक करत, बाहेर पडायचे. उलटी करावी लागायची नाही.

हे मला माहीत होतं. कागद वाचायची गरज नव्हती, लच्छूभाऊला विचारायची गरज नव्हती. हे मी धुऊन टाकलं होतं, बाकीच्याबरोबर.

दुपारी नीलिमा बाबांचे कपडे खणात लावायला म्हणून पिशवी उचलू लागली तेव्हा त्यांनी राहू दे बाई, म्हटलं आणि ती गॅलरीच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. दोन दिवस ती तिथेच लोंबत होती. लागेल ते त्यातून काढायचे, वाळलं की परत त्यात. मी येता जाता तिच्याकडे बघायचो. एरवी बाबा टाकीसमोर बसून असायचे. त्या काळ्या माशाला त्यांनी काही खायला घातलं नाही, मलाही घालू दिलं नाही. सोमवारी तो तळावरून उठला आणि काचेच्या कडेनं एक चक्कर मारून आला. मंगळवारी सकाळी बाबांनी धोतर नेसून पिशवी खांद्याला लावली. यावेळी मात्र ते सांगून निघाले.

"जातो आता," ते म्हणाले. "पंधरा दिसानं येतो. मंग चार दिस जास्त रायतो. असा येत जात रायतो. तू उगा घाई करू नको."

राहा म्हणायला मी तीन दिवस शब्द जुळवून ठेवले होते.  डोमाचं, गुडघ्याचं, चिखलाचं. त्याऐवजी मी म्हणालो, "पुढच्या वेळी जाळं घेऊन ये, बा."

तीस वर्षांनी मी त्यांना बा म्हणालो असेन, आणि तू. त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला.

"वास येते त्याचा," ते म्हणाले.

"येऊ दे."

 मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो, तिथून परस्पर ऑफिसात गेलो. येतील की नाही हे मला कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायचा काही उपायही नव्हता, पंधरा दिवस थांबण्याशिवाय. थांबणं मला जमत नाही. त्या दिवशी मी नकाशावरच्या तलावात निळी शाई भरली नाही, नुसती पाळ काढून ठेवली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा काच थोडी धुरकट दिसत होती. हात तिकडे गेला, मागे घेतला. काळा मासा मधोमध, पाण्यात स्थिर. आतून नीलिमानं हाक मारली. ती कपाटापाशी उभी होती, रिकाम्या ठेवलेल्या खणासमोर. खणात बाबांचा खांद्यावर टाकायचा दुपट्टा होता, चार पदरी घडी घातलेला, अगदी मधोमध ठेवलेला, विसरून राहिल्यासारखा नव्हे. हा त्या पिशवीच्या तळाशी असणार. बाकी सारं धुतलं होतं, हा धुवायचा राहिला होता, किंवा राहू दिला होता. नीलिमानं तो उचलून नाकाशी नेला, शेवाळाचा वास येतोय म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आधीच, माझ्याच सवयीनं, मोरीकडे वळली. बादलीत पावडरचा फेस तयारच होता.

"राहू दे," मी म्हणालो. "धुऊ नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दुपट्टा माझ्या हातात दिला. मी तो तसाच, त्याच घडीवर, खणात परत ठेवला आणि कपाटाचं दार उघडंच राहू दिलं. मग नळाशी गेलो, साबण उचलला, आणि जागेवर ठेवून तसाच जेवायला बसलो.